भीतीने नाही, विश्वासाने निर्णय कसा घ्यायचा

जॉब सोडायचा का, या माणसाशी लग्न करायचं का, आईवडिलांजवळ राहायचं की लांब जायचं, ऑपरेशन करून घ्यायचं की अजून थांबायचं, चर्चमधली जबाबदारी घ्यायची का... असे प्रश्न आले की आपण प्रार्थना करतोच, पण प्रार्थना करून उठलो की निर्णय बऱ्याचदा भीतीच घेते आणि आपण त्याला देवाची इच्छा असं नाव देऊन मोकळे होतो. मंडळीत आपण एकमेकांना 'भिऊ नको' फार पटकन म्हणतो, पण भीती वाटत असताना नक्की करायचं काय हे शेजारी बसून कोणी सांगत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे भीती वाटली म्हणून स्वतःला अविश्वासू ठरवू नका. बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक उघडा. नहेम्या हा पर्शियाच्या राजाच्या पदरी काम करणारा यहुदी माणूस. यरुशलेमचा कोट पडलाय आणि वेशी जळून गेल्यात ही बातमी त्याला किसलेव महिन्यात कळते, तो रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो, आणि राजापुढे विषय निघतो तो नीसान महिन्यात, म्हणजे साधारण चार महिन्यांनी. राजा विचारतो तोंड का उतरलंय, आणि नहेम्या स्वतःच लिहून ठेवतो की तेव्हा मी फार घाबरलो. तरी तो मनातल्या मनात स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो आणि बोलतो. आणि बोलतो ते सुद्धा किती तयारीने! किती दिवस लागतील ते सांगतो, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रं मागतो, लाकडासाठी राजाच्या वनरक्षकाला वेगळं पत्र मागतो. म्हणजे त्या चार महिन्यांत गुडघ्यावर बसणं पण चालू होतं आणि हिशोब पण चालू होता. आपल्याकडे हे दोन्ही एकत्र फार कमी दिसतं, कोणी नुसती प्रार्थना करतं आणि कोणी नुसती काळजी.

तर सुरुवात अशी करा, एक वही घ्या आणि भीती स्पष्ट लिहा. 'भविष्याची भीती वाटते' असं लिहून काही होत नाही. 'पगार थांबला तर घराचे हप्ते थकतील', 'नाही म्हटलं तर तो माझ्याशी बोलणं सोडेल', 'मला हे जमलं नाही तर भाऊ हसेल' असं लिहा. लिहून झालं की ते वाक्य जसंच्या तसं देवाला वाचून दाखवा, प्रार्थनेची भाषा करून सजवू नका. स्तोत्रकर्ते देवासमोर असंच बोलतात, तिथे भीती आहे, राग आहे, रडणं आहे.

लिहिलेलं वाचताना बऱ्याच जणांच्या लक्षात येईल की निम्मी भीती माणसांची आहे. इस्राएलचा पहिला राजा शौल, त्याचं तेच झालं. १ शमुवेल १५ मध्ये तो कबूल करतो की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. राजा होता तो, तरी! नीतिसूत्रे २९:२५ मध्ये माणसाच्या भीतीला पाश म्हटलंय ते उगीच नाही. म्हणून प्रत्येक भीतीच्या पुढे लिहा, ही कोणाची भीती आहे, आणि ज्या माणसाचं नाव येईल त्याला माझ्या आयुष्याबद्दल देवाला हिशोब द्यायचाय का मला?

आता एक गोष्ट फार जपून समजून घ्या. काही भीती खरी माहिती देते. हेरोद राजा बाळ येशूला मारायला शोधतोय हे स्वप्नात कळल्यावर योसेफ रातोरात मरीयेला आणि बाळाला घेऊन मिसर देशात निघून गेला, आणि परत आल्यावर यहुदीयात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतोय हे ऐकून तिथे जायला भ्याला, पुन्हा स्वप्नात सूचना मिळाली आणि तो गालीलात गेला. मत्तय २ मध्ये यासाठी त्याला कोणी दोष देत नाही. प्रेषित पौलाला सुद्धा जिवावर उठलेल्या लोकांपासून वाचवायला दिमिष्कात पाटीत बसवून भिंतीवरून खाली सोडलं होतं. त्यामुळे घरात मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर 'विश्वास ठेव आणि सहन कर' हा सल्ला कोणीही दिला, अगदी पास्टरने किंवा फादरने दिला तरी ऐकू नका, आधी सुरक्षित ठिकाणी जा आणि मदत मागा. तसंच डॉक्टरांनी सांगितलेली ट्रीटमेंट सोडणं हा विश्वासाचा पुरावा नाहीये. काही वेळा विश्वासाचा निर्णय म्हणजे निघून जाणं असतं, काही वेळा नाही म्हणणं, काही वेळा थांबणं. जास्त धाडसाचा पर्याय तोच देवाचा, असं धरून चालू नका.

मग वहीत दोन प्रश्न लिहा. पहिला, ही भीती नसतीच तर मी काय निवडलं असतं? दुसरा त्याहून अवघड, मला हवं तसं घडलं नाही तरी हे करणं बरोबर असेल का? दुसरा प्रश्न शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांच्याकडून घ्या. दानीएल ३ मध्ये, मूर्तीला नमन केलं नाही तर पेटत्या भट्टीत टाकीन अशी धमकी मिळाल्यावर, ते राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने न सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. आपण बहुतेक वेळा विश्वास म्हणजे सगळं नीट होईल याची खात्री असं समजतो, आणि मग खात्री येईपर्यंत हालतच नाही, वर्षं निघून जातात. त्या तिघांना काय घडणार ते माहीत नव्हतं, देव कोण आहे ते माहीत होतं, आणि निर्णय त्यावर घेतला.

यानंतर माझ्या मते सगळ्यात कामाचं वचन म्हणजे २ तीमथ्य १:७, देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, सामर्थ्याचा, प्रीतीचा आणि संयमनाचा दिलाय. पाठ सगळ्यांना असतं, पण ते निर्णयाला लावून बघा. सामर्थ्य, म्हणजे हे करायला जी ताकद माझ्यात नाही ती मी देवाकडे मागायला तयार आहे का, का मी आधीच हरलोय. प्रीती, म्हणजे यात कोणाचं भलं होणारे, बायको, नवरा, मुलं, सोबत काम करणारे, यांचा विचार झालाय का, कारण भीतीत माणसाला फक्त स्वतःचा बचाव दिसतो. संयमन, म्हणजे मी घाईत आहे का. शौलाचं अजून एक उदाहरण १ शमुवेल १३ मध्ये आहे, शमुवेल संदेष्ट्याने माझी वाट बघ म्हणून सांगितलेले सात दिवस संपत आले, तो आला नाही, लोक पांगायला लागले, आणि शौलाने स्वतःच होमार्पण केलं. अर्पण संपतंय तोच शमुवेल हजर! आत्ताच ठरवलं नाही तर सगळं हातातून जाईल असं जेव्हा आतून ओरडून सांगितलं जातं तेव्हा निदान एक रात्र तरी थांबा.

थांबण्याबद्दल इग्नेशियस लोयोला या १६व्या शतकातल्या संताचा एक नियम मला फार उपयोगाचा वाटतो, तुम्ही कॅथलिक नसलात तरी वापरा. तो म्हणतो की मन कोरडं, अंधारलेलं, देवापासून लांब वाटत असेल त्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये. त्या दिवसांत उलट प्रार्थना थोडी वाढवावी. रात्री दोन वाजता राजीनामा लिहिणाऱ्याने हे आधी वाचावं.

सल्ला घ्या, पण कोणाचा ते बघून घ्या. इथे परत नहेम्या. कोट जवळपास पूर्ण होतोय आणि शमाया नावाचा माणूस त्याला सांगतो की तुला मारायला येतायत, चल मंदिरात जाऊन दारं लावून घेऊ. ऐकायला किती आध्यात्मिक! पण नहेम्याने ओळखलं की हे देवाकडून नाही, कोटाच्या कामाला विरोध करणाऱ्या तोबीया आणि सनबल्लट यांनी याला पैसे देऊन पाठवलंय, मी घाबरून पाप करावं म्हणून. देवाचं नाव घेऊन भीती घालणारे आजही असतात, 'देवाने मला तुझ्याबद्दल दाखवलंय, हे केलंस तर नुकसान होईल' वगैरे. असं कोणी म्हटलं तर लगेच हादरू नका, वचनाशी ताडून बघा आणि हे ऐकून त्या माणसाचा काही फायदा होतोय का तेही बघा. दोन-तीन प्रौढ विश्वासणारे पुरेत, त्यात एक तरी असा असावा जो तुम्हाला तोंडावर नाही म्हणू शकतो.

बायबल डोळे मिटून उघडणं, चिठ्ठ्या टाकणं, 'आज फोन आला तर हो' असली चिन्हं मागणं, हे सोडा. बायबलमधल्या गिदोनाने देवाकडे चिन्ह मागायला रात्री लोकर ठेवली खरी, पण काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलं होतं.

आणि खर्च मोजा. लूक १४ मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून हिशोब करतो ते प्रभूचंच उदाहरण आहे. सेव्हिंग किती महिने पुरेल, कर्ज किती, घरच्यांना विचारलंय का. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक असं सैतान म्हणाला तेव्हा प्रभूने देवाची परीक्षा पाहू नको हे वचन वापरलं, तेव्हा हिशोब न करता उडी मारून त्याला विश्वास म्हणू नका.

एवढं झालं की निर्णय घ्या, तारीख टाकून वहीत लिहा, कारणं पण लिहा आणि पहिलं छोटं पाऊल त्याच आठवड्यात टाका, मेल पाठवा, अपॉइंटमेंट घ्या, समोरच्याशी बोला. भीती तेव्हाही असेल, हरकत नाही. पुढे अडचणी आल्या तर लगेच 'चुकलंच वाटतं' असं धरू नका. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौलाला आशिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायला मनाई झाली, बिथुनियात जायचा रस्ता बंद झाला, मग त्रोवसला दृष्टान्त होऊन तो मासेदोनियाला गेला, आणि तिथे फिलिप्पैत फटके खाऊन तुरुंगात पडला. पण लुदिया आणि तिचं घराणं विश्वासात आलं ते त्याच शहरात, तुरुंगाचा अधिकारी पण.

परत विचार करायची एक तारीख आधीच ठरवून ठेवा, तीन महिन्यांनी म्हणा. तोपर्यंत रोज रात्री तोच प्रश्न उकरायचा नाही, भीती आली की वही उघडून तुमची कारणं वाचा, प्रार्थना करा आणि झोपा. त्या तारखेला ज्यांचा सल्ला घेतला होता त्यांनाच सोबत घेऊन बसा, काही बदलायचं असेल तर तेव्हा बदला.