नागपुरात मॅच कुठं बघायची आणि बीअर कुठं प्यायची

कोल्हापुरातून नागपूरला येऊन मला पंधरा वर्षं उलटून गेली. दरवर्षी मिहानच्या नाहीतर बुटीबोरीच्या नोकरीवर आपल्याकडची चार-पाच पोरं येतात, कुणाकडून तरी माझा नंबर मिळवतात आणि खोलीचं भाडं विचारायच्या आधी विचारतात, "दादा, मॅच बघायला कुठं बसता?" प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखायला लागलंय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पेठेतला हिशोब इथं विसरा. आपल्याकडं फुटबॉलला पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ समोरासमोर आले की निम्मं गाव शाहू स्टेडियमकडं चालायला लागतं, हे इथल्या माणसाला सांगितलं तर तो कौतुकानं ऐकतो, पण ते त्याला खरं वाटत नाही. मी नवा असताना एका शनिवारी ऑफिसात विचारलं होतं, आज मॅच कुठं बघणार? शेजारचा म्हणाला, "कोनती मॅच भाऊ? जामठ्याले हाय का?" जामठा म्हणजे इथलं क्रिकेटचं स्टेडियम. नागपुरात नुसतं 'मॅच' म्हटलं की क्रिकेट.

धरमपेठ, सदर, वर्धा रोड या पट्ट्यात मोठ्या स्क्रीनचे पब आहेत. निघायच्या आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: मॅच लागणार का, आणि आवाज लागणार का. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. चित्र इंग्लंडातल्या फुटबॉलचं आणि आवाज डीजेचा, अशात मी अख्खा सामना काढलाय. एकदा तर ऐंशीव्या मिनिटाला, एक-एक बरोबरी असताना, पलीकडच्या टेबलानं आयपीएल लावायला सांगितलं आणि वेटरनं लावलंही. त्यांचं बिल आमच्या तिप्पट होतं, त्यामुळं भांडायला तोंड नव्हतं.

वेळेचाही घोळ होतो. इंग्लंडातला शनिवारचा तीनचा सामना आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला असतो, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळं मागं जातात आणि तोच सामना साडेआठवर येतो. युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग रात्री साडेबाराला, थंडीत दीडला. म्हणजे पबचा विषयच नाही, खोलीवरच बसायचं आणि बाटल्या बीअर शॉपी बंद व्हायच्या आत आणून ठेवायच्या. कायदा माहीत असू द्या: महाराष्ट्रात बीअर-वाइनला वय २१ लागतं, व्हिस्की-रमला २५. शिवाय पिण्याचा परवाना लागतो. एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजीवनही मिळतो. आजीवन काढून टाका, कटकट मिटते.

उन्हाळ्याची मात्र तयारी लागते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. शॉपीतून बर्फासारखी घेतलेली बाटली पिशवीतून खोलीवर येईपर्यंत कोमट होते, तेव्हा थर्माकोलचा डबा आणि बर्फ घेऊनच निघा. त्या उकाड्यात स्ट्राँग बीअर तर नकोच. पहिल्या मे महिन्यात आम्ही फुशारकीनं स्ट्राँग घेऊन चॅम्पियन्स लीगच्या फायनलला बसलो. मध्यंतरापर्यंत दोघं आडवे आणि तिसरा कूलरसमोर डोकं धरून बसलेला. कूलरचं आणखी एक: इथला कूलर म्हणजे खिडकीत बसवलेली गिरणीच. कॉमेंट्री ऐकायची तर तो बंद करावा लागतो आणि बंद केला तर घामानं सोफा भिजतो. आम्ही शेवटी कॉमेंट्री सोडली.

थंडीत सगळं उलटं. २०२२ च्या विश्वचषकाची फायनल १८ डिसेंबरला होती आणि दुसऱ्या दिवसापासून इथं विधिमंडळाचं अधिवेशन. रस्त्यांवर पोलिसांच्या गाड्या, हॉटेलं भरलेली. आम्ही मनीषनगरात गच्चीवर प्रोजेक्टर लावला. हुडहुडी भरत होती, गार बाटलीला कुणी हात लावेना. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांबारवडी पाठवली. सांबार म्हणजे इथं कोथिंबीर. बेसनाच्या पारीत कोथिंबीर, खोबरं, खसखस भरून तळलेली, वर कढी. फ्रान्सच्या एम्बाप्पेनं दोन मिनिटांत दोन गोल करून सामना फिरवला तेव्हा माझ्या हातातली वडी अर्धी कढीत पडली. तिच्या तोडीचा चकणा मला आजवर मिळालेला नाही. सावजी मटणासोबत बीअर प्यायची हौस असेल तर करा, पण आपला तांबडा रस्सा पचवलाय या घमेंडीत राहू नका.

तोच विश्वचषक सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, १८ नोव्हेंबरला, यजमान कतारनं स्टेडियममधली बीअर बंद केली होती. आमच्यातला एक पोरगा फार चिडला, "बीअरशिवाय कसला फुटबॉल?" त्याला सांगितलं, इंग्लंडात १९८५ च्या कायद्यानं मैदान दिसेल अशा जागी बसून पिता येत नाही. पब्लिक मध्यंतरात आत पळतं आणि घाईघाईनं ग्लास संपवतं. त्याला पटलं नाही. मग त्याला मोमिनपुऱ्यात घेऊन गेलो. तिथं चहाचे कप हातात घेऊन पोरं रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, आणि ऑफसाइडवर जी चर्चा झाली ती मी कुठल्याही पबात ऐकलेली नाही.

आता जिथं आपली पोरं हमखास अडकतात ते. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, १९७० च्या दशकापासून. बुटीबोरीतून गाडी थोडी पुढं गेली की हद्द लागते. गडचिरोलीतही १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली, त्यामुळं लोक वर्ध्याचीही उठली असं गृहीत धरतात. मी रात्रीच्या मॅचच्या उरलेल्या चार बाटल्या डिकीत विसरलो आणि सकाळी घरच्यांना घेऊन सेवाग्रामला निघालो. नाक्यावर डिकी उघडली. आई मागच्या सीटवर. बाटल्या गेल्या, अर्धा दिवस ठाण्यात गेला, आणि आईनं कोल्हापूरला पोचेपर्यंत माझ्याशी एक शब्द काढला नाही. तेव्हापासून मी रात्रीच डिकी उघडून बघतो.

बाकी खरा फुटबॉल बघायचा असेल तर नागपूरजवळचं कामठी गाठा, रब्बानी फुटबॉल क्लबचं गाव. झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडताना बघून क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेली स्लम सॉकर ही संस्थाही नागपूरचीच. मैदानावर जाताना पाण्याची बाटली आणि टोपी घ्या. कुणी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, पुढं केला तर हात जोडून नको म्हणा, पहिल्यांदा खाणाऱ्याला मैदान गरगर फिरताना दिसतं. आणि रात्रभर जागून पहाटे भूक लागली तर खोलीवर मॅगी करत बसू नका. कोपऱ्यावर पोह्यांची गाडी लागलेली असते. तर्री जास्त मागा.