आभासी दालनात चित्राचं माप खरं तेच ठेवा

जुन्या चित्रांचं आभासी (संगणकावरचं) दालन उभारताना बरेच जण सगळी चित्रं एकाच आकाराच्या चौकटीत बसवतात. भिंत नीटनेटकी दिसते, पण चित्रांचा जीव जातो. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात ‘मोनालिसा’ जेमतेम 77 सेंमी उंच नि 53 सेंमी रुंद आहे. तिच्या समोरच्याच भिंतीवर चित्रकार व्हेरोनेझेचं ‘काना येथील लग्न’ जवळजवळ 10 मीटर रुंद पसरलंय. स्क्रीनवर दोन्ही सारखीच केली, तर बघणाऱ्याला कळणार काय?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये 1 एकक म्हणजे 1 मीटर धरा आणि संग्रहालयाच्या नोंदीतलं माप जसंच्या तसं टाका. (फ्रेमसह की फ्रेमविना, हे आधी बघा, मी इथेच एकदा फसलोय.) जवळ एखादा बाक किंवा दार ठेवलं की नजरेला मोजपट्टी मिळते.

दुसरी भानगड रंगांची. चित्राच्या मूळ फोटोत स्टुडिओचा प्रकाश असतोच, त्यावर दालनातले दिवे पडले की रंग बिघडतात. चित्रापुरतं मटेरियल (पृष्ठभागाची सेटिंग) ‘इमिशन’वर, म्हणजे स्वतःच उजळणारं, आणि ताकद 1 ठेवा. शिवाय ‘व्ह्यू ट्रान्सफॉर्म’ (रंग स्क्रीनवर कसे दाखवायचे ती सेटिंग) ‘स्टँडर्ड’ करा. तिथल्याच ‘फिल्मिक’ किंवा ‘एजीएक्स’ पर्यायावर लाल-पिवळे रंग विटल्यासारखे दिसतात.

पहाडी (हिमालयाच्या पायथ्याकडच्या) शैलीतलं लघुचित्र मात्र वीतभराचं, खऱ्या मापात भिंतीवर हरवणारच. तरी ते फुगवू नका. क्लिक केल्यावर अगदी डोळ्यांशी येऊ द्या, म्हणजे ओढणीची सोनेरी किनारसुद्धा दिसेल.