चिनी विचारवंत वाचताय? वहीत सहा रकाने आखू नका

षड्दर्शनं शाळेपासून कानावर पडलेली असतात, म्हणून प्राचीन चीनबद्दल वाचताना ‘सहा संप्रदाय’ हे शब्द दिसले की आपल्याला हायसं वाटतं. कन्फ्यूशियसवाले, मोझीवाले, दाओवाले, कायदेवादी, नामवादी आणि यिन-यांगवाले. वहीत सहा रकाने आखायचे आणि एकेकाला उचलून आत बसवायचं. मीही तेच केलं होतं. हान फेईपर्यंत छान चाललं.

हान फेई (मृत्यू इ.स.पू. 233) कायदेवाद्यांचा शिरोमणी मानला जातो. पण त्याचा गुरू शुन्झी हा कन्फ्यूशियसच्या परंपरेतला. हान फेईच्या नावावरच्या ग्रंथात ‘लाओझी’ या दाओवाल्यांच्या मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडणारी दोन प्रकरणं आहेत. आणि इतिहासकार सिमा चियानने लाओझी आणि ज्वांगझी हे दाओवाले, शन बुहाय आणि हान फेई हे कायदेवादी, अशा चौघांची चरित्रं चक्क एकाच प्रकरणात घातली आहेत. मग याला कोणत्या रकान्यात टाकायचं?

चूक रकान्यांचीच आहे. ते आखले सिमा चियानच्या वडिलांनी, सिमा तान यांनी. ते हान घराण्याच्या दरबारात (हे घराणं वेगळं, हान फेईचं हान राज्य वेगळं) इतिहासकार होते आणि इ.स.पू. 110 मध्ये वारले. म्हणजे छिन राज्याने सगळा देश एका छत्राखाली आणला त्याला (इ.स.पू. 221) तोवर शंभराहून अधिक वर्षं झाली होती. मागे वळून त्यांनी सहा गट पाडले, आणि त्यांचा स्वतःचा कल दाओवाल्यांकडे होता तोही लपवला नाही. हान फेई मात्र आपल्या काळातले नामांकित पंथ दोनच सांगतो, कन्फ्यूशियसचा आणि मोझीचा. त्यातही पहिल्याचे आठ तुकडे झाले आणि दुसऱ्याचे तीन, असं वर सुनावतो. ‘आम्ही कायदेवादी’ असं याच रकान्यात बसवलेला छिनचा मंत्री शांग यांगही म्हणत नाही आणि हान फेईही.

त्यामुळे गोंधळ झाला की गट बाजूला ठेवा आणि भांडण शोधा. कोण कोणाला उत्तर देतोय? मोझी म्हणतो, प्रेमात आपलं-परकं करू नका. त्यावर कन्फ्यूशियसच्या परंपरेतला मेन्सियस उसळून म्हणतो, म्हणजे बापाला बाप मानायचं नाही! या दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की दोघंही कळतात. रकान्यात वेगवेगळे ठेवले की दोघंही नुसते सज्जन वाटतात.

दुसरी चूक भाषांतरातली. ‘फा’ म्हणजे कायदा, असं लिहून आपण मोकळे होतो. मोझी हाच शब्द कारागिरांच्या हत्यारांवरून समजावतो: चौकोनाला गुण्या, वर्तुळाला कंपास, उभं सरळ आहे का ते बघायला ओळंबा. फा म्हणजे असं माप, जे कुणाच्याही हातात दिलं तरी तेच उत्तर देतं. हे डोक्यात ठेवून हान फेईमधला टोपीचा किस्सा वाचा. हान राज्याचा राजा झाओ दारू पिऊन झोपला. थंडी वाजेल म्हणून टोपी सांभाळणाऱ्या सेवकाने त्याच्या अंगावर वस्त्र घातलं. जाग आल्यावर राजा खूश झाला, कोणी घातलं म्हणून विचारलं, आणि मग दोघांनाही शिक्षा केली. वस्त्रं सांभाळणाऱ्याला, कारण त्याने आपलं काम केलं नाही. टोपीवाल्याला, कारण त्याने आपलं नसलेलं काम केलं. या गोष्टीत एकही कलम नाही, कोर्ट नाही. हुद्द्याला लावलेला ओळंबा आहे, आणि तो भिववणारा आहे. ‘कायदेवाद’ म्हणजे आपलं ‘कायद्याचं राज्य’ समजणाऱ्याने हा किस्सा दोनदा वाचावा.

‘दाओ’चं ब्रह्म करणं हीसुद्धा अशीच घाई. शब्दाचा साधा अर्थ वाट. कन्फ्यूशियसचीही वाट आहे, मोझीचीही. लाओझीच्या एकट्याच्या मालकीची नाही.

‘वू-वेई’ (शब्दशः ‘न करणं’) म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, हा समज तर हटता हटत नाही. ‘ज्वांगझी’ या ग्रंथातला खाटीक दिंग बैल कापून सुटा करतो. एकोणीस वर्षं तोच सुरा, धार कालच लावल्यासारखी. सगळे इथे थांबतात. पुढे तो म्हणतो, गुंता असलेली जागा आली की मी सावध होतो, नजर रोखतो, हात मंद करतो. आळशाची भाषा आहे का ही? शिवाय वू-वेई कन्फ्यूशियसच्या संवादांतही येतं, शुन राजाचं कौतुक म्हणून. हान फेईलाही राजा तसाच हवा, पण त्याचं कारण वेगळं: राजाच्या मनातलं मंत्र्यांना ओळखता येऊ नये.

मेन्सियस म्हणतो माणूस चांगला, शुन्झी म्हणतो वाईट, एवढ्यावर परीक्षेतले पाच गुण मिळतीलही. पण मेन्सियसच्या चांगुलपणाचे फक्त कोंब असतात, ते सुकूही शकतात. आणि शुन्झीच्या मते वाकडं लाकूड वाफवून, दाबून सरळ होतं. रस्त्यावरचा माणूसही यू या आदर्श राजासारखा होऊ शकतो. (शुन्झी आणि युद्धनीतीवाला सुन्झी वेगळे, हे देवनागरीत लिहिताना विसरू नका.)

आपल्याकडची खास चूक म्हणजे हान फेईला ‘चीनचा कौटिल्य’ म्हणणं. दोघंही दंडावर बोलतात हे खरं. पण कौटिल्याच्या चार विद्यांमध्ये त्रयी, म्हणजे वेद, मानाने बसलेली आहे. हान फेई मात्र जुन्या राजांचे दाखले देणाऱ्या पंडितांना राज्य पोखरणाऱ्या पाच किड्यांत मोजतो. एकदा ससा धावत येऊन झाडाच्या बुंध्यावर आदळून मेला, म्हणून औत टाकून रोज त्या बुंध्यापाशी बसणारा सुंग राज्यातला शेतकरी याच प्रकरणात भेटतो. जुन्याच्या नावाने आजचं राज्य चालवू पाहणारे त्याच्या लेखी तसे.

शेवटी व्हॉट्सॲपवरची सुवचनं. ‘आवडीचं काम निवडा, मग आयुष्यभर काम करावं लागणार नाही’ हे कन्फ्यूशियसच्या संवादांच्या वीस भागांत नाही. ‘शत्रूला मित्राहून जवळ ठेवा’ हे सुन्झीच्या तेरा प्रकरणांत नाही. प्रकरणाचा आकडा मागा. तो मिळाला नाही तर पुढे ढकलू नका. हजार मैलांच्या प्रवासाचं पहिलं पाऊल मात्र खरंच लाओझीचं आहे, एक्याऐंशीपैकी चौसष्टावं प्रकरण. फक्त तिथे मैल नाहीत, ‘ली’ आहेत. त्या काळच्या मापाने हजार ली म्हणजे चारशेच्या आसपास किलोमीटर, मुंबईहून साधारण सोलापूर.