पेरणीच्या आत परतायचं : पन्नाशीपुढच्या रॅली हंगामाची तयारी

जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेत, म्हणजे डब्ल्यूआरसीत, पन्नाशी गाठलेल्या ड्रायव्हरांसाठी वेगळा मास्टर्स कप असतो. आमच्या भाऊंना हे कळलं त्या दिवसापासून मारेगावच्या आमच्या गल्लीला झोप नाही. भाऊ 57 वर्षांचे, तीस वर्षं जिनिंग चालवलेले. मी 61चा, निवृत्त मास्तर, त्यांच्या शेजारी बसून पुढच्या वळणांच्या नोट्स मोठ्यानं वाचणारा, म्हणजे को-ड्रायव्हर. दक्षिणेकडच्या रॅल्यांत दोघांनी मिळून भरपूर धूळ खाल्ली, आता बाहेरदेशी जायचं ठरलंय. असंच खूळ ज्यांच्या डोक्यात असेल त्यांच्यासाठी ही यादी. गाडी यादीत शेवटी येईल, हे आधीच सांगतो. गाडी भाड्यानं मिळते. कान, डोळे आणि गुडघे मिळत नाहीत.

सगळ्यात आधी दिनदर्शिका घ्या, आणि ती भिंतीवरच्या पंचांगाशेजारी टांगा. 2025च्या हंगामात चौदा फेऱ्या होत्या, जानेवारीतल्या मोंटे कार्लोपासून नोव्हेंबरच्या सौदीपर्यंत. सगळ्या करायला खिसाही नाही आणि सवडही नाही. केनियाची सफारी रॅली मार्चमध्ये येते. तोवर कापूस घरात आणि पऱ्हाटी उपटून झालेली. पोर्तुगाल मे महिन्यात, म्हणजे बी-बियाण्याच्या धावपळीआधी. ग्रीसची ॲक्रॉपोलिस जूनच्या शेवटच्या आठवड्यात होती. मृग लागल्यावर वावर सोडून कोण जातो? ती कापली. फिनलंड ऐन डवरणीत, तीही कापली. त्यावर भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

घरच्यांची समजूत हाही तयारीचाच भाग आहे. ‘या वयात?’ असा प्रश्न येणारच, तेव्हा नावं पाठ ठेवा. सेबास्टियन लोबनं 2022ची मोंटे कार्लो जिंकली तेव्हा तो 47चा होता. कार्लोस साइंझनं 2024ची डाकार, म्हणजे वाळवंटातली लांब पल्ल्याची रॅली, जिंकली ती 61व्या वर्षी. आणि सफारी तर तशी आपल्याच माणसांची : जोगिंदर सिंग यांनी ती तीनदा मारली, 1965, 1974 आणि 1976 साली, शेखर मेहतांनी पाचदा. वहिनींना यातलं काहीही पटलं नाही. पण भाऊंच्या आईनं विचारलं, ‘म्हणजे शंकरपटच ना?’ तळेगाव दशासरच्या पटात बैलांची जोडी सेकंदावर मोजतात, रॅलीतही गाडी एकेक सुटते आणि भांडण घड्याळाशी असतं. आजी बरोबर होत्या. त्यानंतर घरातला विरोध निम्म्यावर आला.

आता कागद. परवाना आपल्या राष्ट्रीय महासंघाकडून, एफएमएससीआयकडून निघतो, आणि परदेशातल्या रॅलीत उतरायला त्यांची परवानगीही लागते. आंतरराष्ट्रीय परवान्याच्या वैद्यकीय तपासणीत वयाची 45 उलटली की साधा ईसीजी चालत नाही, ट्रेडमिलवर धावत काढलेला लागतो. तारीख नागपूरला आधीच घेऊन ठेवा आणि आदल्या रात्री सावजी खाऊ नका. भाऊंनी खाल्लं होतं.

पण म्हाताऱ्या ड्रायव्हरांचा खरा खड्डा दुसरीकडे आहे आणि तो कोणी सांगत नाही. रक्तदाबाची गोळी! आपल्या वयाच्या निम्म्या लोकांच्या खिशात ॲटेनोलॉल नाहीतर मेटोप्रोलॉल असतं. ही बीटा-ब्लॉकर जातीची औषधं. हात स्थिर ठेवतात म्हणून मोटारशर्यतीत स्पर्धेच्या काळात त्यांना मनाई आहे. लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, ही तर बाराही महिने उत्तेजकांच्या बंदीच्या यादीत, कारण तिच्याआड दुसरं काही लपवता येतं. आणि ही गोळी बऱ्याचदा एकाच पाकिटात दुसऱ्या औषधाला जोडून येते, म्हणून नाव वरचं वाचून भागत नाही. मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. इन्सुलिनही यादीत आहे, मेटफॉर्मिन नाही. यावर उपाय दोनच : डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यायची, किंवा टीयूई नावाची उपचाराची सूट कागदोपत्री मागायची. मनानं गोळी बंद करायची नाही. भाऊंनी हाही प्रयोग चार दिवस केला, मग पाचव्या दिवशी वहिनींनी मला फोन केला.

डोळ्यांचं माझ्यावर बेतलंय म्हणून सविस्तर लिहितो. ड्रायव्हरला लांबचं दिसलं पाहिजे, को-ड्रायव्हरला मांडीवरची वही. पन्नाशीनंतर आपण सगळे दोन्ही नंबर एकाच काचेत असलेला चष्मा घालतो, आणि हलत्या गाडीत त्याच्याइतका घातकी मित्र नाही. डोकं जरा वर झालं की अक्षर पुसट होतं. मी नुसत्या जवळच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला, मांडीवरची वही आणि डोळे यांत जेवढं अंतर राहतं तेवढं सुतारी टेपनं मोजून चष्मेवाल्याला सांगितलं. काड्या बारीक निवडा, नाहीतर हेल्मेटखाली कानाच्या वर चेमटतात. अक्षर मोठं, पेन्सिल टू-बी, एका पानावर सहाच ओळी. आणि प्रत्येक पानाचा खालचा कोपरा वेगळ्या उंचीवर कापा. हे सांगायचं कारण, एका देशी रॅलीत घामानं माझी दोन पानं चिकटली, मी एक पान गिळलं आणि भाऊंनी पूर्ण विश्वासानं गाडी नाल्यात घातली. कोणाला लागलं नाही. नाल्यात बसून ते एवढंच म्हणाले, ‘गुरुजी, थे पान मले घरी जाऊन वाचून दाखवजा.’

कानांची कथा तशीच. जिनिंगच्या आवाजात तीस वर्षं काढलेल्या माणसाचे वरच्या पट्टीचे आवाज जातात, आणि त्यात पहिला ‘स’ जातो. इंटरकॉमवर मी ‘सहा’ म्हणालो की भाऊंना नुसतं ‘हा’ ऐकू यायचं. हो म्हटल्यासारखं. म्हणून आधी कानांची तपासणी, मग नोट्सची भाषा. आम्ही वळणाला एक ते सहा आकडे देतो, एक म्हणजे सगळ्यात आवळ आणि सहा म्हणजे जवळजवळ सरळ. ‘सहा’ काढून टाकला, त्या जागी ‘मोकळा’ आला. ‘डावा-उजवा’ही लांब पडत होतं, मी उच्चारेपर्यंत वळण संपायचं, आता ‘डा’ आणि ‘उज’. उंचवट्याला ‘धुरा’, कारण वावराच्या धुऱ्यापलीकडचं दिसत नाही हे भाऊंच्या अंगात मुरलंय. पाणी वाहून जाणाऱ्या फरशीला ‘रपटा’. आतून कापू नको याला ‘मेख’, म्हणजे तिथं दगड आहे असं समजायचं. ‘उज चार, धुरा, पन्नास, डा दोन मेख’ हे सगळं एका दमात जातं. हा सराव आम्ही भाऊंच्याच वावराच्या पांदणीवर तीसच्या वेगानं करतो. रस्ता अडवून वेगाचा सराव करायचा नाही, बैलबंड्या आणि शाळेची पोरं त्याच वाटेनं येतात. रॅलीतही आधीच्या पाहणीत मार्गावरून दोनच फेऱ्या मिळतात, त्याही वेगमर्यादेत, म्हणून पहिल्या फेरीत लिहिता येणं आणि दुसरीत दुरुस्त करता येणं एवढंच कमवायचं असतं.

गुडघ्यांसाठी गोठ्याजवळ एक सांगाडा उभा केलाय. रॅलीच्या गाडीत दाराच्या उंबऱ्यावरून लोखंडी नळ्या जातात, त्या ओलांडून आत-बाहेर करायचं. मिस्त्रीनं जुनी बकेट सीट ठोकली, नळ्यांच्या जागी ड्रिपचे पाइप बांधले. आम्ही भाड्यानं घेणार ती फिएस्टा रॅली-3. इंजिन दीड लिटरचं, टर्बो, ताकद चारही चाकांना, आणि स्टिअरिंग डावीकडे. आयुष्यभर डाव्या हातानं गिअर टाकलेल्या माणसाला तो उजव्या हातानं टाकायचाय. तो ‘सिक्वेन्शिअल’, म्हणजे नुसता पुढे-मागे. सीटच्या उजवीकडे ट्रॅक्टरचा जुना दांडा बसवला आणि भाऊ रोज दूध काढून झालं की अर्धा तास तिथं बसतात. म्हैस बघत असते. पट्टा सोडून, इंटरकॉमची वायर काढून, बाहेर पडायला पहिल्या दिवशी मला एकतीस सेकंद लागले आणि पायजम्याची नाडी नळीला अडकली. आता अकरा. बंद पडलेल्या गाडीतून उतरल्यावर कोण काय करणार हेही आधी ठरवा : लाल त्रिकोण मी घेतो आणि गाडीच्या मागे किमान 50 मीटरवर ठेवतो, मार्गपुस्तिकेतला ओके किंवा एसओएसचा फलक भाऊ दाखवतात. उलट ठरवलं होतं, पण भाऊ आधी बोनेट उघडतात.

माती आपल्या बाजूनं आहे. सफारीत पिठासारखी धूळ असते, आणि पाऊस पडला की काही भागात आपल्यासारखीच काळी कापसाची माती. तिच्यावर ब्रेक मारला की गाडी आपली राहत नाही, हे आम्हाला बैलाच्या खुरापासून ठाऊक. पाण्यातून जायचं म्हणून तिथल्या गाड्यांना हवा घेणारं नळकांडं वर काढतात. उन्हाचीही चिंता नाही, मे महिन्यातला वणी-चंद्रपूरचा पट्टा ज्यांनी सोसला त्यांना गाडीच्या आतली भट्टी नवी नाही. उंची मात्र नवी. नैवाशा सुमारे 1,900 मीटरवर आहे आणि आपला चिखलदरा 1,118. दम तिथं लवकर लागतो, चार दिवस आधी पोचा.

अंगावरचं सगळं एफआयएच्या, म्हणजे मोटारशर्यतींच्या जागतिक महासंघाच्या, शिक्क्याचं : ओव्हरऑल, आतले कपडे, मोजे, टोपरं, हेल्मेट, आणि हॅन्स, म्हणजे धडकेत मान सावरणारं खांद्यावरचं जू. शिक्क्यावरचं साल वाचा. पट्टे आणि सीट यांनाही मुदत असते. गंमत म्हणजे सारा जिल्हा कापसाचा आणि आत सुती बनियान चालत नाही. हातमोजे ड्रायव्हरला सक्तीचे, को-ड्रायव्हरला नाहीत. पानं उलटायची असतात.

वेळेचं एक. तपासणी नाक्यावर एक मिनिट उशिराला दहा सेकंद दंड, एक मिनिट लवकर गेलं तर पूर्ण मिनिट. लग्नात दोन तास उशिरा जाऊनही पहिल्या पंगतीला बसणाऱ्या आपल्या मुलखानं हे नीट समजून घ्यावं. घड्याळ माझ्याकडेच राहील.

केनियाला ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, ऑनलाइन निघतं. पिवळ्या तापाची लस प्रवासाआधी किमान दहा दिवस, ठरावीक केंद्रांतच मिळते. तिचा दाखला परत येतानाही भारतात मागतात. साठी उलटलेल्याला ही लस पहिल्यांदाच घेताना दुष्परिणामाचा धोका जास्त असतो, म्हणून मी आधी डॉक्टरांशी बोललो. पोर्तुगालला शेंगेन व्हिसा आणि निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा. शर्यतीचा धोका त्या विम्यात धरलाय का, हे लेखी विचारा. तोंडी सगळेच हो म्हणतात.

खाणं थोडक्यात : शर्यतीच्या दिवशी भाकर चालेल, ठेचा नाही. वहिनींनी तरी बरणी दिली आहे. ती सामानात जाईल, हातातल्या पिशवीत नको.

आजच्या तारखेला बाकी : भाऊंच्या टीयूईचं उत्तर, माझ्या चष्म्याला मागची दोरी, दुसऱ्या वहीचे कोपरे कापणं, मिस्त्रीचा पासपोर्ट. आणि भाऊंच्या गैरहजेरीत सकाळची धार कोण काढणार. म्हैस फक्त त्यांनाच जवळ येऊ देते.