तेलाचे बॅरल धोकादायक माल आहे का, हे कसे ठरवावे

हायड्रॉलिक किंवा गिअर ऑइलचे बॅरल दिसले की काही वाहतूकदार ‘केमिकल आहे’ म्हणून माल नाकारतात आणि गंजरोधक तेल मात्र निर्धास्तपणे गाडीत चढवतात. प्रत्यक्षात धोका बहुधा या दुसऱ्या बॅरलमध्येच असतो. म्हणून नावावर न जाता पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाचे धोके सांगणारे माहितीपत्रक, मागवावी आणि प्रथम तिच्या विभाग ९ मधील फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेते तो आकडा, पाहावा.

समुद्रमार्गे किंवा विमानाने पाठवायच्या द्रवाचा बंद पात्रात मोजलेला फ्लॅश पॉइंट ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल, तर तो सामान्यतः वर्ग ३ मध्ये, म्हणजे ज्वलनशील द्रवांत मोडतो. खनिज तेलापासून बनलेल्या ४६ किंवा ६८ ग्रेडच्या (हे दाटपणाचे क्रमांक) हायड्रॉलिक ऑइलचा हा आकडा साधारण २०० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे ते पेटू शकत असले तरी या वर्गात बसत नाही. मात्र गंजरोधक तेल पातळ करण्यासाठी त्यात मिनरल टर्पेंटाइन घातलेले असेल, तर आकडा ४० अंशांजवळ येऊ शकतो.

आकड्यापुढची अक्षरेही वाचावीत, कारण चूक नेमकी तिथेच होते. ‘सीओसी’ म्हणजे उघड्या पात्रातील चाचणी. तिचा आकडा सहसा बंद पात्रातील ‘पीएमसीसी’ चाचणीपेक्षा जास्त येतो, त्यामुळे ‘६४, सीओसी’ असे लिहिलेले तेल सुरक्षित धरू नये आणि बंद पात्रातील आकडा लेखी मागावा.

नंतर विभाग १४ पाहावा. तिथे ‘यूएन ३०८२’ हा संयुक्त राष्ट्रांचा धोकादायक माल क्रमांक असेल, तर फ्लॅश पॉइंट ६० अंशांहून जास्त असला तरी तेल पर्यावरणास घातक म्हणून वर्ग ९ मध्ये येते. उलट, विभाग २ मध्ये केवळ श्वसनमार्गात तेल गेल्यास होणाऱ्या अपायाचे चिन्ह असेल, तर तेवढ्यावरून ते वाहतुकीसाठी धोकादायक ठरत नाही.

देशांतर्गत पेट्रोलियम कायद्याच्या मर्यादा वेगळ्या आहेत. ६५ ते ९३ अंशांदरम्यान फ्लॅश पॉइंट असलेले पेट्रोलियम ‘क’ वर्गात येते, त्यामुळे किमान ६६ अंश फ्लॅश पॉइंटचे फर्नेस ऑइल (भट्टीत जाळायचे इंधन तेल) वर्ग ३ बाहेर राहूनही या कायद्याच्या कक्षेत येते.

यंत्रातून काढलेल्या जळक्या तेलाला मात्र २०१६ चे घातक कचरा नियम लागू होतात, मग नवे असताना ते कितीही निरुपद्रवी असो. ते भंगारवाल्याला विकू नये. साधारणपणे ९० दिवसांच्या आत प्राधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे, नमुना १० मधील मॅनिफेस्टसह (कचऱ्यासोबत जाणाऱ्या वाहतूक नोंदपत्रासह) पाठवावे.