डीपीवर हरकत घेताय? मग शासनाच्या दुसऱ्या सूचनेपर्यंतची तयारी ठेवा

शहराची प्रारूप विकास योजना, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो ती, प्रसिद्ध झाली की पंधरा दिवस नुसती धावपळ असते. कुणाच्या जागेवर मैदान, बगीचा अशा सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलेलं असतं, कुणाच्या अंगणातून रस्ता गेलेला असतो, कुठलं तरी मैदान नकाशातून नाहीसं झालेलं असतं. लोक हरकती देतात, सुनावणीला जातात, आणि सुनावणी झाली की सुटलो म्हणून कागद कपाटात टाकतात. घात होतो तो तिथे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आराखडा तयार करते महापालिका किंवा नगरपरिषद, पण मंजूर करतं राज्य शासन. मंजुरी देताना शासन त्यात बदल करू शकतं. हे बदल सारभूत स्वरूपाचे, म्हणजे मोठे आणि महत्त्वाचे असतील, तर कलम ३१ खाली नवी सूचना निघते आणि तिच्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. मुदत जास्तीत जास्त एक महिना. मागच्या वेळी आमच्या भागाची हीच सूचना हुकली. म्हणून पुढचं सगळं वाचताना ही दुसरी सूचना डोक्यात ठेवा, मी पुन्हा पुन्हा तिच्यावर येणार आहे.

सुरुवात तारखेपासून. पहिल्या हरकतींची मुदत कुठे ३० दिवस दिसते, कुठे ६०, कधी वाढवूनही मिळते. ऐकीव आकड्यावर जाऊ नका, तुमच्या शहराच्या सूचनेत काय छापलंय ते बघा. मुदत मोजायची ती राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून. तुमच्या हातात वर्तमानपत्र पडलं त्या दिवसापासून नव्हे. मुदत वाढेल या भरवशावर तर अजिबात बसू नका.

मग नकाशा. मोबाइलवर फिरणारा अंधूक फोटो बघून कुणी हरकत लिहू नये. महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशे लावलेले असतात, बहुतेक ठिकाणी संकेतस्थळावरही असतात. आपल्या भागाचं शीट शोधा, शीट क्रमांक लिहून घ्या, आणि कुठला रंग, कुठली रेषा कशासाठी ते सांगणारी सूची नीट वाचा. पिवळा रहिवास विभाग आणि हिरवा शेती विभाग एवढं सगळ्यांना माहीत असतं; चुका होतात त्या रेषांमध्ये. अस्तित्वातला रस्ता, प्रस्तावित रस्ता, रुंदीकरणाची रेषा, पूररेषा, नाल्याचा काठ या सगळ्या रेषा एकमेकींच्या अगदी जवळून जातात. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हेही लक्षात असू द्या, कारण ‘आरक्षण नाही ना, मग झालं’ म्हणणाऱ्याची जागा कधी कधी पूररेषेत अडकलेली असते.

नकाशाबरोबर अहवालही घ्या. आरक्षणांचा तक्ता त्यात असतो: आरक्षण क्रमांक, प्रयोजन, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ. नकाशा आणि तक्ता जुळत नाहीत असं बऱ्याचदा निघतं, आणि असा विसंवाद दाखवून दिलात तर तुमच्या हरकतीला वजन येतं.

विद्यमान जमीन वापर नकाशा मात्र कुणी उघडूनही बघत नाही, आणि मला याचा खरंच राग येतो. प्रारूप आराखडा उभा राहतो तो याच नकाशावर. कलम २५ प्रमाणे आधी जागेची पाहणी करून जमिनीचा आजचा वापर दाखवायचा असतो. त्यात तुमची परवानगी घेऊन बांधलेली, माणसं राहत असलेली इमारत ‘मोकळी जागा’ म्हणून रंगवलेली असेल, तर पुढे तिच्यावर बगीचा पडला यात नवल नाही. अशा वेळी बगिच्यावर वाद घालत बसू नका. मुळात पाहणी चुकली आहे हे मांडा, आणि बांधकाम परवानगी, भोगवटा पत्र, जागेचे फोटो जोडा. मुंबईचं उदाहरण समोर आहे. तिथला २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, आणि त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने करायला लावला. लोकांनी गल्लीगल्लीत फिरून नकाशा आणि जागा ताडून पाहिल्या, म्हणूनच त्या चुका उघड झाल्या.

कागद: ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीची ‘क’ प्रत असेल तर ती, एन.ए. (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा. यावर जास्त काही सांगायला नको. फक्त भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला आपल्या भागापुरता नकाशा, विसरू नका, आणि त्यावर आपली जागा लाल शाईने दाखवा. आणि आपण मालक नाही म्हणून मागे राहू नका. हरकत कोणीही घेऊ शकतो. भाडेकरू घेऊ शकतो, मैदानावर खेळायला जाणाऱ्या मुलाचे आईवडील घेऊ शकतात.

हरकत लिहिणं हे खरं काम आहे, आणि इथेच लोक भावनेत वाहून जातात. ‘आमच्यावर अन्याय झाला आहे, तरी योग्य तो न्याय मिळावा’ अशा अर्जाचं सुनावणी घेणाऱ्या समितीने करायचं काय? एका अर्जात एकच विषय घ्या. वर शीट क्रमांक, सर्व्हे किंवा गट नंबर, नगर भूमापन क्रमांक, आरक्षण क्रमांक. त्याखाली आराखड्यात काय दाखवलंय ते एका वाक्यात. मग ते चूक का आहे. शेवटी नेमकं काय हवंय. उदाहरणार्थ: ‘प्रस्तावित १२ मीटर रस्ता मंजूर इमारतीमधून दाखवला आहे. याच सर्व्हे नंबरच्या उत्तर हद्दीने जुना गाडीरस्ता आहे. प्रस्तावित रस्ता त्या आखणीवर सरकवावा.’ असा पर्याय दिलात तर समितीला काही तरी करता येतं. नुसतं ‘आरक्षण उठवा’ म्हटलं, की ते आरक्षण शेजाऱ्याच्या जागेवर जातं आणि तो तुमच्याविरुद्ध हरकत घेतो.

आणखी एक. आराखड्यातली चांगली गोष्ट टिकवायची असेल तर तेही लेखी द्या. कायद्यात ‘हरकती व सूचना’ असे दोन शब्द आहेत. मैदानाचं आरक्षण तुम्हाला हवं आहे हे तुम्ही लिहून दिलं नाही, तर फाइलमध्ये राहतो तो फक्त जमीनमालकाचा ‘आरक्षण उठवा’ असा अर्ज. मैदान हवं असणारे दोनशे लोक कागदावर कुठेच नसतात. पुढे शासनाच्या टेबलावर जाते ती हीच फाइल, आणि दुसरी सूचना निघते ती तिथून.

अर्ज दोन प्रतींत द्या. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. काउंटरवरचा माणूस ‘ठेवून जा, नंतर शिक्का मारतो’ म्हणाला तर तिथेच उभं राहा. ऑनलाइन दिलात तर पोच छापून ठेवा. अर्जावर असा पत्ता आणि फोन लिहा जो दोन वर्षांनीही चालू असेल.

सुनावणी होते ती कलम २८ खालच्या नियोजन समितीपुढे. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना किंवा पर्यावरण यांची जाण असलेले जास्तीत जास्त चार जण. एकाच मजकुराचे अर्ज असले की बहुधा सगळ्यांना एकत्र बोलावतात, तेव्हा बोलणार कोण हे घरून ठरवून जा. नाव पुकारलं की समोर शीट पसरलेलं असतं आणि वेळ असतो दोन-चार मिनिटं. त्यात गावचा इतिहास सांगत बसू नका. शीटवर बोट ठेवा, चूक दाखवा, पर्याय सांगा, फोटो द्या. लेखी म्हणणं वेगळं नेलं असेल तर त्याचीही पोच घ्या. सदस्याने मान डोलावली म्हणजे मागणी मान्य झाली, असं समजून घरी येऊ नका.

समिती अहवाल देते, नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिका किंवा नगरपरिषद, त्यावर निर्णय घेतं, आणि केलेल्या बदलांची यादी लोकांच्या माहितीसाठी प्रसिद्ध होते. ती यादी मिळवा आणि आपल्या अर्जाचं काय झालं ते बघा. यानंतर कलम ३० प्रमाणे आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो. इथून सगळं शांत होतं. सभा नाहीत, बातम्या नाहीत, नगरसेवकही विषय काढत नाही. लोक पांगतात ते इथे. या शांततेत वर्षं जाऊ शकतात. मुंबईचा सुधारित प्रारूप आराखडा मे २०१६ मध्ये आला, शासनाची मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली, आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, आणि वगळलेले भाग त्यानंतर टप्प्याटप्प्याने मंजूर होत राहिले.

वगळलेला भाग, म्हणजे ई.पी. (एक्सक्लुडेड पार्ट), हे शब्द पाठ करून ठेवा. शासन आराखड्याचा बराचसा भाग मंजूर करतं. ज्या ठिकाणी सारभूत बदल करायचा असतो तेवढा भाग मंजुरीतून वगळतं, आणि त्याची वेगळी अनुसूची काढून हरकती मागवतं. दुसरी सूचना म्हणतो ती हीच. तुम्ही पहिल्या वेळी हरकत घेतली होती म्हणून कुणी तुम्हाला घरी पत्र पाठवणार नाही. राजपत्रात येईल, वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येईल, कार्यालयात लागेल. बघायचं तुम्ही.

अनुसूची हाती आली की तिचे रकाने आडवे वाचा. एकात कलम २६ खाली प्रसिद्ध झालेला प्रस्ताव, पुढच्यात कलम ३० खाली शासनाला सादर झालेला, आणि त्यापुढे शासनाने सुचवलेला बदल. पहिल्या रकान्यात ‘खेळाचे मैदान’, दुसऱ्यातही ‘खेळाचे मैदान’, आणि तिसऱ्यात ‘आरक्षण वगळून क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट’. असं एक वाक्य असतं, एवढंच. सुनावणीत तुम्ही जिंकलेलं मैदान त्या तिसऱ्या रकान्यात जातं. आणि महिना उलटल्यावर ते वाचलंत तर हरकतीची वेळ संपलेली असते.

म्हणून पहिला अर्ज देता त्याच दिवशी माणूस नेमा. ‘आपण सगळे लक्ष ठेवू’ असं ठरलं तर कुणीच ठेवत नाही. एकाचं नाव लिहा, तो गावाला गेला तर दुसऱ्याचं. दर आठवड्याला एक ठरलेला वार: राजपत्र, नगर विकास विभागाच्या अधिसूचना, नगररचना संचालनालयाचं संकेतस्थळ, महापालिकेचा फलक, स्थानिक वर्तमानपत्रांतल्या जाहीर सूचना. अधूनमधून माहितीच्या अधिकारात विचारा की आराखडा शासनाकडे कधी सादर झाला आणि प्रस्ताव कुठे आहे. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नगररचना विभागात ज्यांच्याशी ओळख झाली त्यांना महिन्यातून एक फोन करा. निवडणूक असो, सणवार असो, दर आठवड्याचं बघणं चुकवू नका. पहिल्या हरकतीसाठी जेवढी माणसं धावली त्यांतली निम्मी जरी या दुसऱ्या सूचनेसाठी जागी राहिली तरी पुरे.

सूचना निघाली की पहिला अर्ज झेरॉक्स करून देऊ नका. इथे हरकत ऐकली जाते ती फक्त सुचवलेल्या बदलावर. ई.पी. क्रमांक घाला, तिन्ही रकान्यांतला मजकूर जसाच्या तसा उतरवा आणि तिसऱ्यातला का नको ते लिहा. पहिल्या हरकतीची आवक शिक्क्याची प्रत, समितीपुढे काय ठरलं त्याची प्रत, दोन्ही जोडा. ते कागद कपाटात नीट ठेवायचे ते या दिवसासाठी.

या हरकती ऐकायला शासन अधिकारी नेमतं, साधारणपणे नगररचनेच्या विभागीय कार्यालयातला. सूचनेत ज्याचं नाव आणि पत्ता असेल त्याच्याचकडे अर्ज द्या. महापालिकेत दिला आणि तिथेच पडून राहिला, असं व्हायला नको. शिक्का घ्या. सुनावणीला जा. बाकी पहिल्यासारखंच.

अंतिम मंजुरी आली की अधिसूचना वाचा, आपल्या ई.पी.चा निर्णय झाला की अजून बाकी आहे ते बघा. बाकी असेल तर दर आठवड्याचं बघणं चालूच. झाला असेल तर भाग नकाशाची प्रमाणित प्रत काढा, झोन दाखला घ्या, आणि आराखडा लागू झाल्याची तारीख फाइलवर मोठ्या अक्षरात लिहा. आरक्षणाची जागा त्या तारखेपासून १० वर्षांत संपादित झाली नाही, तर मालकाला कलम १२७ ची नोटीस देता येते, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. मालक असाल तर तारीख त्यासाठी हवी, आणि मैदान वाचवणारे असाल तर दहावं वर्ष उजाडण्याआधी महापालिकेच्या अंदाजपत्रकात संपादनाची तरतूद मागण्यासाठी.