गोरेपणाच्या मलमाने पोळलेला चेहरा

गालांवरचे वांग जावेत म्हणून मी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक मलम आणले आणि आठ महिने रोज रात्री लावत राहिले. पहिल्या पंधरवड्यात चेहरा इतका उजळला की नणंदेलाही मीच ते सुचवले, याची आजही लाज वाटते. पुढे मात्र पोळ्या करताना तव्याची धग लागली तरी गाल पेटल्यासारखे होत, हनुवटीवर लव वाढली आणि नाकाच्या कडेला लाल शिरांचे बारीक जाळे दिसू लागले. मलम बंद केले, तर तिसऱ्या दिवशी चेहरा सुजला. घाबरून मी ते पुन्हा सुरू केले, आणि खरी चूक हीच होती.

त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचून दाखवली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यांपैकी मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. दीर्घकाळ लावल्यास ते त्वचा पातळ करते आणि सवय झाल्यावर अचानक थांबवले की दाह उसळतो. ('अनुसूची एच'मधले हे औषध चिठ्ठीशिवाय विकायचेच नसते, पण दुकानदाराने विचारलेसुद्धा नव्हते.) त्यांनी आधी सौम्य स्टेरॉइड देऊन, ते एक दिवसाआड करत हळूहळू सोडवले आणि नंतर टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले, दाह कमी करणारे मलम दिले. साबण, बेसन, लिंबू सारे बंद झाले. उरले ते बिनवासाचे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. जळजळ थांबायला पाच महिने लागले. शिरा अजून दिसतात, वांगही थोडे परतले आहेत, पण तव्यासमोर आता निवांत उभी राहू शकते.